हौदातला फेस: परसबागेत वाढलेल्या झाडबेडकांचं एक प्रकरण

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावातलं आहे. गावाचं आणि घरातल्या माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि या घरातली मुलगी माझ्या पाचवीच्या वर्गात होती. मृगापासून दसऱ्यापर्यंत मी या घरी निदान पंधरा-वीस वेळा गेलो. काही सल्ले माझे होते, त्यातला एक उशिरा दिला गेला. तेही लिहितो आहे, कारण बेडकाची पिल्लं बागेत सापडली की प्रत्येक घर साधारण याच वाटेनं जातं आणि याच ठिकाणी अडखळतं.

पार्श्वभूमी

घर शेतकऱ्याचं. कापूस, सोयाबीन, धुऱ्यालगत म्हणजे बांधालगत तूर. घरात आजी, ताई, त्यांचे यजमान आणि दहा वर्षांची मुलगी. घरामागे परस, त्यात केळीची तीन खुंटं, अळू, कढीपत्ता, कर्दळ, एक पपई आणि मधोमध जुना सिमेंटचा हौद. पूर्वी गोठा तिथेच होता. जनावरं गेली, हौद राहिला. चार फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट पाणी, म्हणजे साधारण 500 लिटर. भांडी घासायला, झाडांना आणि फवारणीचा पंप धुवायला हेच पाणी वापरायचे. पंपाची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

त्या वर्षी पंचांगात आर्द्रेचं वाहन बेडूक होतं. आजी त्यावर खूश होत्या, कारण बेडूक वाहन असलं की पाऊस बरा पडतो हा त्यांचा अनुभव. लहानपणी पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, कडुलिंबाचा पाला लावून दारोदार धोंडी मागत फिरल्याचं त्या सांगायच्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी हौदाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वीतभर वर, मुठीएवढा पांढुरका फेस चिकटलेला दिसला.

"साबन कोनं सांडला इथं?" असं आजींनी विचारलं. ताई खराट्यानं तो काढणारच होत्या. मुलीनं थांबवलं आणि शाळेत येऊन मला सांगितलं.

तो साबण नव्हता. आपल्याकडे न्हाणीघराच्या भिंतीवर, रांजणामागे, केळीच्या पोंग्यात दिसणारा तपकिरी झाडबेडूक असतो, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला, मांडीच्या मागे पिवळे ठिपके असलेला. त्याची मादी पाण्याच्या वर जागा शोधते, अंडी घालताना पातळ द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. फेस बाहेरून वाळून कडक होतो, आत ओलावा राहतो. चार-पाच दिवसांत आतली पिल्लं खाली पाण्यात पडतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात. गावात त्यांना सगळे मासोळ्याच समजतात.

अडचण कुठे होती

पहिल्या दिवशी अडचण एवढीच वाटली की फेस ठेवायचा की काढायचा. ठेवायचं ठरलं. उचलून बादलीत ठेवावा असंही ताईंच्या मनात होतं, पण तो सोलून काढताना आतली अंडी चिरडली असती आणि खाली पाणी तर होतंच. मग हौदात बादली बुडवायची नाही, पाणी मगानं कडेनं घ्यायचं, एवढा बदल झाला. पाचव्या दिवशी सकाळी फेस खालून ओघळला होता आणि पाण्यात काळसर पिल्लं वळवळत होती. तोंडाच्या टोकावर एकेक पांढुरका ठिपका. मुलीनं मोजायचा प्रयत्न केला आणि दीडशेनंतर सोडून दिला.

खरी अडचण तिथून सुरू झाली, कारण घरातल्या प्रत्येकाचा आक्षेप वेगळा होता आणि एकाचाही आक्षेप खोटा नव्हता.

आजी म्हणाल्या, "बेंडकं आले का त्याईच्या मांगं साप येते, मास्तर. घरात लेकरू हाये." विदर्भात पावसाळ्यात साप म्हणजे भीतीची कल्पना नाही. नाग, मण्यार, घोणस इथे सगळीकडे आहेत. यजमानांना पंप धुवायला पाणी हवं होतं. आणि आठवड्यानं आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविका, आल्या, त्यांनी झाकण नसलेला हौद पाहिला आणि तो रिकामा करायला सांगितला.

डासांचा प्रश्न

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. आशाताईंचं म्हणणं सरळ होतं. आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायचा, भांडी रिकामी करून घासायची, जिथे ते जमत नाही तिथे औषध टाकायचं किंवा गप्पी मासे सोडायचे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, तीही भांड्याच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेजवळ.

गप्पी मासे हा मला आधी चांगला उपाय वाटला. शाळेच्या टाक्यात आम्ही ते सोडलेले आहेत. पण गप्पी डासांच्या अळ्या खातात तशी बेडकाची अंडी आणि कोवळी पिल्लंही खातात. दोन्ही एकाच हौदात ठेवणं म्हणजे पिल्लं माशांना चारणं. भैकेर स्वतःच डासांच्या अळ्या खाऊन टाकतील, असं मुलीनं कुठेतरी ऐकलं होतं. त्यावर विसंबता येत नाही, म्हणून तो पर्याय मी तिथेच बाजूला ठेवला. पिल्लं पकडून गावातल्या नाल्यात सोडावी, असं यजमान म्हणाले. पण त्या नाल्याला दोन पाऊस चांगले झाले की लोंढा येतो आणि मासेही असतात. फेस साचलेल्या पाण्यावर घातलेला होता, मग पिल्लं तिथेच राहावीत असं आम्हाला वाटलं.

शेवटी ठरलं ते असं. अंगणातली बाकीची सगळी साठवण बंद: जुना टायर, कुंड्यांखालच्या थाळ्या, तुटलेला माठ. हौदावर जुनी मच्छरदाणी दोरीनं ताणून बांधली. दर तीन दिवसांनी चहाच्या गाळणीनं पाण्याचा वरचा थर गाळायचा आणि अळ्या दिसल्या तर मातीत टाकायच्या. डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे तीन दिवसांचं अंतर पुरेसं होतं. आठवड्यातून एकदा पाण्याच्या रेषेवरची चार बोटं भिंत नारळाच्या शेंडीनं घासायची. खालची भिंत घासायची नाही, कारण तिच्यावरचं शेवाळ हेच पिल्लांचं मुख्य खाणं.

आशाताईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले बेंडकाचं काई नाई सर. पन अळ्या दिसल्या तं टाकं रिकामं करायले लावीन." मग दर फेरीला त्या मच्छरदाणी वर करून हौद बघायच्या. दोनदा अळ्या सापडल्या, दोन्ही वेळा आदल्या दिवशी गाळायचं राहिलं होतं. ही बाई नसती तर आम्ही ढिले पडलो असतो, असं मला मनापासून वाटतं.

खाऊ घालण्यात झालेली चूक

जुलैच्या मध्यात मी चार दिवस प्रशिक्षणाला गेलो होतो. पिल्लं उपाशी राहतील या काळजीनं मुलीनं आणि ताईंनी रोज मूठभर शिजलेला भात आणि पोळीचा चुरा हौदात टाकायला सुरुवात केली. पिल्लं भातावर तुटून पडली, त्यामुळे दोघींना वाटलं, बरंच चाललंय.

मी परत आलो तेव्हा पाण्यावर पांढरट साय होती आणि वास शिळ्या पेजेसारखा. पिल्लं तळ सोडून वर आली होती, तोंडं पाण्याबाहेर काढून हवा घेत होती. कडेला मेलेली पिल्लं पोटं वर करून तरंगत होती. गाळणीनं काढली तेव्हा अर्धी वाटी भरली. मुलगी रडली नाही, पण ती वाटी तिनं दोन्ही हातांत धरून ठेवली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

उरलेला भात कुजतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि अमोनिया वाढतो. गिल्सनी श्वास घेणाऱ्या पिल्लाला या दोन्हीचा मार एकदम बसतो. तेव्हा सगळं पाणी बदलून टाकावं असं ताईंना वाटत होतं आणि नळाखाली त्यांनी बादलीही लावली होती. ते थांबवलं. नळयोजनेच्या पाण्यात टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर असते, पावसाळ्यात तर वास येईपर्यंत. ताजं तसं पाणी घातलं असतं तर उरलेलीही गेली असती. रबरी नळीनं तळाचं एक तृतीयांश पाणी गाळासकट काढलं आणि पत्र्याच्या छपरावरून पिंपात जमलेलं पावसाचं पाणी हळूहळू घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. पिंपातलं पाणी संपलं तेव्हा नळाचं पाणी घमेल्यांत भरून दीड दिवस उघडं ठेवून मग वापरलं.

नंतरचं खाणं साधं होतं. घरच्याच परसातली, औषध न मारलेली माठाची दोन-तीन पानं, उकळत्या पाण्यात नरम करून, एक दिवसाआड. संध्याकाळी टाकायची, सकाळी उरलेली काढून टाकायची. शेवाळ भरपूर दिसत असेल त्या आठवड्यात तेही नाही. पिल्लं आधीपेक्षा संथ वाढली, पण मरणं थांबलं.

माझा उशिरा दिलेला सल्ला तो हाच. काय घालायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पाय फुटल्यावर

ऑगस्टमध्ये मागचे पाय आले, सुरुवातीला नुसत्या दोन काड्या. पुढचे पाय आले की पिल्लाचं सगळंच बदलतं. तोंड रुंद होतं, पाला पचवणारं लांब आतडं आखूड होतं आणि ते काही दिवस खात नाही. शेपटी शरीरात जिरते, त्यावर ते निभावतं. गिल्स जाऊन फुप्फुसं आलेली असतात, म्हणून त्याला पाण्याबाहेर बसायला जागा नसेल तर ते चक्क बुडून मरतं. हौदाच्या भिंती सरळ होत्या. झाडबेडूक असल्यामुळे काही पिल्लं भिंतीला चिकटून वर यायची, पण ज्यांची शेपटी अजून जड होती त्यांना ते जमत नव्हतं.

पाणी अर्ध्यावर आणलं, दोन विटा ठेवल्या, त्यांना टेकवून एक खडबडीत फळी लावली. मच्छरदाणी एका कोपऱ्यात संध्याकाळी सैल करून ठेवायला लागलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तिथे होतो तेव्हा विटेवर एक पिल्लू बसलं होतं. अंगठ्याच्या नखाएवढं. शेपटीचं नुसतं काळं खोड उरलं होतं. गळा भराभर वरखाली होत होता आणि बोटांच्या चकत्या विटेच्या लाल भुकटीवर इतक्या नाजूक टेकल्या होत्या की त्याखालची भुकटीही हलली नव्हती.

डबा की बाग

मुलीनं आठ पिल्लं प्लास्टिकच्या डब्यात ठेवली. झाकणाला भोकं, तळाला ओला कापूस. तिला ती मोठी होईपर्यंत खाऊ घालून मग सोडायची होती. तिनं मेलेल्या माश्या दिल्या, काळ्या मुंग्या दिल्या, कणकेच्या गोळ्याही. "सर, थे मेली माशी पाह्यतच नाई," तिनं मला सांगितलं. तिचं निरीक्षण अचूक होतं. शेपटी जिरली की बेडूक मांसाहारी होतो आणि हलतं तेवढंच त्याला खाणं म्हणून दिसतं. आणि हलणारं असलं तरी ते त्याच्या तोंडात मावायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यावर ऊन आलं. तीन पिल्लं गेली.

इथे आमच्यापुढे दोन रस्ते होते. काचेच्या पेटीत माती, पाला आणि ओलावा ठेवून, चिलटं पकडून पाच पिल्लं वाढवायची. हे होऊ शकतं, पण रोज सकाळ-संध्याकाळ जिवंत बारीक किडे पुरवावे लागतात आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला ते झेपलं नसतं. दुसरा रस्ता म्हणजे पिल्लं बागेत सोडायची आणि बागेतच त्यांचं खाणं वाढवायचं. मुलगी सहज तयार झाली नाही. बाहेर कोंबड्या आहेत, असं ती म्हणाली आणि ते खरंच होतं. सकाळी दोन पिल्लं कोंबडीनं टिपलेली ताईंनी पाहिली होती.

पिल्लं एका पावसाळी संध्याकाळी अळूच्या बुडाशी सोडली. हात आधी पाण्यानं ओले करून, कारण त्यांची कातडी पातळ असते आणि साबण, मीठ, तंबाखू जे काही हाताला असेल ते आत शोषलं जातं. कोंबड्या दुपारी अकरा ते चार एवढाच वेळ परसात सोडायच्या असं ठरलं, तेव्हा पिल्लं पाल्याखाली दडलेली असतात. परसाच्या लांबच्या टोकाला, घराच्या दारापासून दूर, पालापाचोळा झाडायचा नाही. फुटक्या माठाची खापरं तिथे पालथी घातली. जुन्या टोपलीत पिकलेल्या केळीच्या साली टाकून ती अळूत ठेवली. दोन दिवसांत टोपलीवर चिलटांचा ढग होता आणि तिसऱ्या रात्री बॅटरीच्या उजेडात टोपलीच्या कडेवर चार पिल्लं एका रांगेत बसलेली मुलीला दिसली. डबा तिनं त्याच रात्री घासून आईला परत दिला.

आजींचं सापांबद्दलचं म्हणणंही याच वेळी पुन्हा निघालं. पाल्याचा ढीग दारापासून लांब ठेवला तो त्यांच्यासाठीच. रात्री परसात जायचं तर बॅटरी आणि चप्पल, आणि जमिनीवर अंथरूण नाही, खाटेवर मच्छरदाणी लावून झोपायचं. मण्यार रात्रीच फिरते, म्हणून खाट आणि मच्छरदाणी बेडूक नसते तरी हवीच होती. सप्टेंबरात हौदावर एकदा दिवड आली. बिनविषारी साप. यजमानांनी तिला जाऊ दिलं आणि आजी दोन दिवस बोलल्या नाहीत.

फवारणी

शेवटचा निर्णय सगळ्यात अवघड होता आणि तो माझ्या हातातला नव्हता. परसाच्या कुंपणापलीकडे कापूस होता आणि कापसावर तुडतुडे आले होते. "फवारनी तं करावीच लागते सर. पानं पाह्यले का तुमी?" यजमान म्हणाले. पानं कडेनं लालसर होऊन वळली होती. त्यांना फवारू नका म्हणण्याचा अधिकार मला नाही, ते वर्षाचं पीक आहे.

त्यांनी विचारलं, बेडकाचा शेताला उपयोग काय? मी सांगितलं की बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात एके काळी आपल्या देशातून मोठी होती आणि 1987 मध्ये सरकारनं ती बंद केली. शेतातले बेडूक कमी झाल्यानं किडी वाढतात, ही काळजी त्यामागे होती. पण त्यांचं मन वळलं ते यानं नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे त्यांच्या डोळ्यांसमोरचं होतं. मी फक्त विचारलं की पंप धुता तो हौद आणि ताई भांडी घासतात तो हौद एकच ना? ते काही वेळ हौदाकडे पाहत राहिले.

त्यांनी तीन गोष्टी केल्या. पंप धुणं हौदावरून हलवून शेताच्या धुऱ्यावर नेलं. कुंपणालगतची कापसाची चार तासं, म्हणजे ओळी, फवारायची सोडली आणि वारा परसाकडे असेल त्या दिवशी फवारणी टाळली. परसातल्या गवतावर तणनाशक मारायचे ते बंद करून ताईंनी हातानं निंदण केलं. त्या चार तासांत कापूस थोडा कमी आला, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

निष्पत्ती

आमच्या अंदाजानं चाळीसेक पिल्लं हौदातून बाहेर पडली. त्यातली किती जगली हे मोजता येण्यासारखं नव्हतं, आणि निसर्गात बहुतेक मरतातच. दसऱ्याच्या सुमारास केळीच्या पोंग्यात दोन आणि न्हाणीच्या खिडकीत एक, बोटाच्या पेराएवढी झालेली दिसली. त्या घरात त्या पावसाळ्यात डेंग्यू झाला नाही. पुढच्या जूनमध्ये हौदाच्या वर झुकलेल्या कर्दळीच्या पानाला फेस लागला. तो आजींनी पाहिला आणि ताईंना हाक मारून सांगितलं, "बादली नोको टाकू त्यात."

वेगळं काय करता आलं असतं

भाताची चूक टाळता आली असती. डब्यातली तीन पिल्लंही. फळी आणि विटा मागचे पाय दिसताच ठेवायला हव्या होत्या. आम्ही पुढच्या पायांची वाट पाहिली आणि त्या आठवड्यात काही पिल्लं बुडाली. पावसाचं पाणी मृगातच साठवून, झाकून ठेवायला हवं होतं. आशाताईंना त्यांनी आक्षेप घेण्याआधीच बोलावलं असतं तर पहिला आठवडा भांडणात गेला नसता.

मच्छरदाणीबद्दल माझं मन अजून ठरत नाही. ती होती म्हणून डास आवरले, पण तिच्यामुळे त्या पावसात दुसऱ्या कोणत्याही बेडकाला हौद वापरता आला नाही.

आणि धुऱ्यावरचा पंप धुण्याचा खड्डा. जोराचा पाऊस झाला की तो भरून वाहतो आणि ते पाणी उतारानं नाल्यात जातं. नाल्यातही बेडूक आहेत, खालच्या वस्तीतल्या बाया तिथे कपडे धुतात. यजमानांनी या उन्हाळ्यात तो खड्डा उतारापासून दूर, वरच्या अंगाला खणायचं ठरवलं आहे. जागा आम्ही दोघांनी जाऊन पाहिली, तिथे खाली मुरूम लागतो.